सुरुवातीचं टोक

घोरपडेंच्या शेडमध्ये धमाका झाला तेव्हा माझे वडील मशीनच्या सगळ्यांत जवळ उभे होते, आणि हात मागे बांधून विज्ञान समजावून सांगत होते.

घोरपडे उसाच्या ट्रॉल्या बनवायचे. त्यांना आमचं वेल्डिंग मशीन विकायला मी आणि माझा भागीदार बाहुबली चौगुले असे दोघे गेलो होतो. अण्णांना कुणी बोलावलं नव्हतं. पण हायस्कुलात जन्मभर विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला ‘कुठे निघालात?’ असं विचारायची मुभा असते, ‘येऊ नका’ असं म्हणायची मुभा आपल्याला नसते.

घोरपडेंचं जुनं मशीन कोपऱ्यात गुरगुरत होतं. त्याला चाकं होती, तरी हलवायला दोन माणसं लागायची. आमचं मशीन तेलाच्या डब्याएवढं, खांद्याला पट्टा लावून नेण्यासारखं. घोरपडेंनी ते एका हाताने उचललं आणि तिथेच त्यांचा विश्वास उडाला. वजन नाही त्यात दम कुठला, असं त्यांनी बाहुबलीला विचारलं. बाहुबली उत्तर द्यायच्या आत अण्णा पुढे झाले.

“विहिरीवरून घरचं पाणी भरायचंय असं समजा,” अण्णा म्हणाले. “घागरीनं आणलं तर खेपा थोड्या, पण घागर मोठी लागते आणि उचलणारा दणकट लागतो. तांब्यानं आणलं तर तांब्या लहान चालतो, फक्त खेपा भराभर मारायच्या. तुमच्या त्या मशीनमधला ट्रान्सफॉर्मर ही घागर. खांबावरची वीज सेकंदाला पन्नास खेपा मारते, म्हणून तो एवढा अवजड. इथं आपण वीज आधी एका दिशेची करून घेतो. मग ट्रान्झिस्टर नावाची चार बटणं तिला आलटून पालटून अशी सोडतात, की पन्नासच्या जागी पन्नास हजार खेपा होतात. म्हणून तांब्याएवढा ट्रान्सफॉर्मर पुरतो. पाणी तेवढंच.”

घोरपडेंच्या वेल्डरने एक शिवण मारून पाहिली. ठिणग्या बारीक, शिवण सरळ. त्याने काच वर केली आणि मालकाकडे बघून मान डोलावली. तिथे थांबायला हवं होतं. पण सौदा झाल्यावरही विकत राहायची बाहुबलीला सवय होती. बिघडलं तर दुरुस्ती किती सोपी ते बघाच, असं म्हणून त्याने मशीनचं झाकण काढलं, आतलं चांगलं चालणारं बोर्ड बाहेर काढलं आणि खोक्यातलं नवं कोरं बोर्ड घोरपडेंच्या डोळ्यांदेखत बसवलं.

“आणि ती बटणं चुकली म्हणजे हो?” वेल्डरने विचारलं.

“चुकत नाहीत,” अण्णा म्हणाले. “चार बटणं म्हणजे चार दारं. तिरकी समोरासमोरची दोन उघडली की उरलेली दोन बंद. एका भिंतीतली दोन दारं एकदम कधी उघडायचीच नाहीत. उघडली तर वीज घरात न शिरता आरपार निघून जाईल. म्हणून एक मिटल्यावर दुसरं उघडायच्या आधी क्षणभर थांबायचीसुद्धा सोय—”

वेल्डरने सळी टेकवली. एका भिंतीतली दोन दारं एकदम उघडली.

दिवाळीच्या दिवसांत असतो तसा आवाज झाला, आणि अण्णांच्या पांढऱ्या शर्टावर काळे शिंतोडे उडाले. कुणाला इजा झाली नाही. धूर निवल्यावर घोरपडे शांतपणे म्हणाले, “सर, तांब्या फुटला वाटतं.” मग त्यांनी आमच्यासाठी चहा मागवला. वेलची घातलेला होता. व्यवहार मोडला की चहा चांगला मिळतो, हा अनुभव माझा तेव्हापासूनचा आहे.

कुपवाडच्या आमच्या गाळ्यावर येऊन बोर्ड सोडवून बघितलं तेव्हा कारण शोधायला फार वेळ लागला नाही. प्रत्येक ट्रान्झिस्टरला ‘आता उघड, आता मीट’ हे सांगायला सुपारीएवढी एक रिंग असते. तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. तारेला दोन टोकं: सुरुवातीचं आणि शेवटचं. दिसायला दोन्ही सारखीच. म्हणून सुरुवातीच्या टोकापाशी लाल रंगाचा ठिपका द्यायचा आणि जोडणाऱ्याने ठिपका बघून जोडायचं. ठिपका चुकीच्या टोकाला पडला तर जे दार मिटायचं ते नेमकं उघडतं. आमच्या बोर्डावर चारांतली एक रिंग नव्या ट्रेमधली होती, आणि तिचा ठिपका शेवटच्या टोकाला होता. चारही उलट्या असत्या तर मशीन बिनतक्रार चाललं असतं. सगळेच एका दिशेने चुकले की काही बिघडत नाही, हे यंत्रांनाही लागू आहे.

नवा ट्रे काढून बघितला. ओळीने सगळे ठिपके शेवटच्या टोकाला.

रिंगा गुंडाळायच्या सुलभाताई वायदंडे. माधवनगरला विजेच्या मोटारींत तार भरण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलेलं, आणि आमच्याकडच्या इतर बायका त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. शनिवारी बाहुबलीने त्यांना सगळ्यांसमोर बोलावून ट्रे पुढे केला. त्यांनी एक रिंग उजेडात धरून फिरवून बघितली आणि म्हणाल्या, हे ठिपके माझे नव्हेत.

त्यांचं म्हणणं असं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी काम दुपारीच थांबलं. तो ट्रे गुंडाळून झाला होता, रंग द्यायचा राहिला होता. रिंगा त्यांनी नेहमीसारख्या लावून ठेवल्या होत्या, सुरुवातीची टोकं भिंतीकडे, म्हणजे त्या बसतात त्या बाजूला. त्याच संध्याकाळी त्या दसऱ्यासाठी गावी गेल्या, परत यायला एक दिवस जास्त लागला, तोवर ट्रे वार्निशमधून बुडवून निघालेला. त्यांना वाटलं, ठिपके गजूने दिले. वार्निशचं आणि जोडणीचं काम बघणारा गजू माळी म्हणाला, मला वाटलं ताईंनी दिले.

“म्हणजे कुणीच दिले नाहीत,” बाहुबली म्हणाला. “आकाशातून पडले.”

“ते मला ठाऊक नाही. मी दिले नाहीत.”

“सर काय सांगतात, आं? चमत्कार होत नसतो. चमत्कार दिसला की त्याच्यामागचा हात शोधायचा.”

सगळ्यांनी अण्णांकडे बघितलं. अण्णा चष्मा पुसत होते.

हे वाक्य खरंच त्यांचं होतं. सांगली, तासगाव, जतपर्यंत त्यांनी ते शाळाशाळांतून ऐकवलं होतं. नारळातून करणी काढून दाखवायची, जिभेवर कापूर पेटवायचा, आणि शेवटी हे वाक्य. आमच्या गाळ्यात त्यांच्यामुळे देवाची तसबीर नव्हती. खंडेनवमीला शेजारच्या रावसाहेब खोतांच्या लेथला झेंडूच्या माळा चढायच्या, पेढे वाटले जायचे. आमच्याकडे त्या दिवशी ‘यंत्रस्वच्छता दिन’ असायचा. प्रत्येकाला एक फडकं, थोडं रॉकेल आणि अण्णांचं अर्ध्या तासाचं भाषण. भाषण संपलं की आमची माणसं खोतांकडे जाऊन पेढा खाऊन यायची आणि अण्णांना ते माहीत नाही असं सगळे समजून चालायचे.

“चूक झाली म्हणा, विषय संपला,” बाहुबली म्हणाला. “खोटं कशाला बोलताय?”

सुलभाताईंचा चेहरा तेव्हा बदलला. “चुकले असते तर चुकले म्हटलं असतं. हाताला काम आहे तर हात चुकणारच. पण ह्या बायकांच्या देखत खोटारडी म्हणालात.”

बाहुबली वाईट माणूस नव्हता. त्याच्या हातून एक गिऱ्हाईक गेलं होतं आणि कुपवाडात ही बातमी आमच्या आधी चहाच्या टपरीवर पोचली होती. त्याने ठरवून टाकलं: सोमवारपर्यंत खरं काय ते सांगायचं, नाहीतर सोमवारपासून गुंडाळणी बंद आणि खोकी भरायला बसायचं. ज्या बाईने शिकवलं तिने शिकवलेल्यांची खोकी भरायची. आणि ट्रे उलटा देऊन वर नाकारणारी असं एकदा म्हटलं गेलं की त्या भागात दुसऱ्या कुणाच्या टेबलावर ती बसू शकणार नव्हती. सुलभाताईंनी पिशवी उचलली, चपला घातल्या आणि सुट्टी व्हायच्या आधीच निघून गेल्या. अण्णांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

नंतर मी एकटा त्या ट्रेपाशी बसलो. एका रिंगेवरचं वार्निश नखाने खरवडलं. लाल ठिपका निघाला आणि खाली पिवळा निघाला. रंगाचा डबा मी स्वतः आणला होता. त्यात पिवळं काही नव्हतं. मी दुसरी रिंग खरवडली, मग तिसरी. सगळीकडे आधी पिवळं, त्यावर लाल. कुंकू वार्निशखाली गेलं की रंगासारखंच दिसतं. आणि गाळ्याची दुसरी किल्ली कुणाकडे असते ते मला माहीत होतं. दसऱ्याच्या सुमारास आई दोन दिवस आपली हळदकुंकवाची कोयरी शोधत होती, तेही आठवलं.

घरी आलो तेव्हा अण्णा पडवीत वर्तमानपत्र वाचत होते. काय विचारायचं ते मी वाटेत बऱ्याच प्रकारे जुळवलं होतं. तोंडातून वेगळंच आलं.

“अण्णा, हळद आधी लावतात की कुंकू?”

“हळद आधीच लावतात,” अण्णा म्हणाले, वर न बघता, चुकलेल्या पोराला सांगावं तसं. मग वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं.

त्यांनी नाकारलं नाही. उलट एकदा सुरू झाल्यावर त्यांना थांबवता येईना. त्यांचे वडील तासगावच्या बाजूच्या एका खेड्यात सुतार होते. आम्ही आडनावच सुतार लावतो. पण माझ्या पिढीपर्यंत ते फक्त आडनाव उरलं होतं. आजोबा खंडेनवमीला वाकस, करवत, पटाशी, रंधा मांडायचे आणि एकेकाला हळदकुंकू लावून एकेकाशी बोलायचे. ते गेल्यावर हत्यारं एका पोत्यात भरून आमच्या मागच्या खोलीत आली. अण्णा दरवर्षी खंडेनवमीला पहाटे अंघोळ करून ते पोतं उघडायचे आणि तसंच करायचे. मग शर्ट घालून कुठेतरी अंधश्रद्धेवर बोलायला जायचे. दोन्हींत एकदाही खंड पडला नव्हता. यंदा पोत्याचं झाल्यावर त्यांना वाटलं, पोराची पहिली मोठी खेप निघते आहे. सगळे कामावर यायच्या आधी ते गाळ्यात गेले. मोठ्या मशीनांवर लावलं असतं तर दिसलं असतं. म्हणून जे झाकणाच्या आत जातं, त्याला लावलं आणि अक्षता तेवढ्या वेचून घेतल्या.

“मला वाटलं, आत जाईल. कुणाला दिसणार नाही,” ते म्हणाले.

मला त्यांचा राग यायला हवा होता. आली ती लाज, आणि तीही नीट जागच्या जागी नाही. माझे वडील पूजा करतात ह्याची लाज. जसं दुसऱ्या कुणाचे वडील पिऊन येतात. मी लगेच तोड काढली. रिंगा ज्यांच्याकडून येतात त्यांनीच तपासणीचे ठिपके मारून पाठवले, आपल्या लक्षात आलं नाही, असं सांगू. सुलभाताई सुटतात. गजू सुटतो. कुणाचंच नाव येत नाही.

“माझंही?” अण्णांनी विचारलं.

“तुमचं कसं येईल?”

“पटण्यासारखं आहे,” ते म्हणाले. आणि विचार करत बसले. आईने जेवायला हाक मारली तरी बसून राहिले. त्यांना एवढा वेळ का लागतो आहे, असं वाटून मला आणखी लाज वाटली.

सोमवारी ते माझ्या आधी तयार होते. गाळ्यात सगळे जमले, सुलभाताईही आल्या, आणि बाहुबली तोंड उघडणार तेवढ्यात अण्णा म्हणाले की ते ठिपके मी दिले. खंडेनवमीला सकाळी येऊन ट्रेमधल्या रिंगांना हळदकुंकू लावलं.

मग बाहुबलीचे डोळे भरून आले. त्याने वाकून अण्णांच्या पायाला हात लावला.

“सर, एका बाईची नोकरी वाचवायला एवढं? तुमच्यासारख्या माणसानं स्वतःवर हे घ्यायचं?”

अण्णा म्हणाले, अरे, खरंच मी लावलं. गजू म्हणाला, सर, मोठेपणा आहे तुमचा. मी पुढे होऊन सांगितलं की हे खरं आहे, मी खरवडून बघितलंय, खाली हळद आहे. बाहुबलीने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी वडिलांवर गेलो आहे असं तो म्हणाला. हळदीचंही त्याच्याकडे उत्तर होतं: रंग संपला असेल, ताईंनी पर्समधलं हळदकुंकू वापरलं असेल. माणूस सुटावा म्हणून आम्ही बापलेक जितकं खरं बोलत होतो तितके सगळ्यांना मोठे दिसत होतो. जन्मभर खरं बोलल्याची एवढी शिक्षा मी दुसऱ्या कुणाला झालेली पाहिली नाही.

सुलभाताई पुढे आल्या.

“सर, उपकार करू नका,” त्या म्हणाल्या. “शनिवारी निदान निम्म्यांना वाटत होतं की माझी चूक नसेल. आता सगळ्यांनी धरलं. ज्याची चूक असते त्याच्यासाठीच कुणी खोटं बोलतं.”

अण्णांनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा ट्रेकडे बघितलं. मग त्यांनी गजूला शेजारी पाठवलं. खोतांकडे पूजेचं ताट बारमाही असायचं. ते ताट घेऊन स्वतः रावसाहेब खोत आले, बहुधा सुतार सरांनी हळदकुंकू मागितलं हे ऐकून खात्री करायला. त्यांच्यामागे त्यांचे दोन कामगार. अण्णांनी रंग न दिलेला दुसरा एक ट्रे मागितला. सुलभाताईंनी तो त्यांच्या पद्धतीने लावून टेबलावर ठेवला आणि भिंतीकडच्या आपल्या जागी उभ्या राहिल्या. अण्णा समोरच्या बाजूला, जिथून माणसं येतात जातात, तिथे उभे राहिले. त्यांनी चपला काढल्या.

मला वाटलं होतं ते दोनतीन रिंगांना लावून दाखवतील. त्यांनी ताटातल्या वाटीत दोन बोटं बुडवली, ट्रेवर पाणी शिंपडलं आणि डावा हात उजव्या कोपराला लावला. अनामिकेने हळद. तीच अनामिका पुसून कुंकू. मग दोन अक्षता. मग ओठांतल्या ओठांत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं: “वर्षभर राबलास. चुकलंमाकलं पोटात घाल.” दुसरी रिंग. हळद, कुंकू, अक्षता, तेच वाक्य. हात कुठे थबकला नाही. शिकून दाखवायला केलेलं आणि हाताला वळण पडलेलं ह्यातला फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही. ठिपका प्रत्येक वेळी त्यांच्या बाजूच्या टोकाला पडत होता. आणि त्यांच्या बाजूचं टोक शेवटचं होतं.

पहिली ओळ संपेपर्यंत बाहुबलीचा हात तोंडावर गेला होता. रावसाहेब खोतांना अण्णांनी इतकी वर्षं झेंडूच्या माळांवरून टोमणे मारले होते. आता त्यांना हसायचा पुरेपूर हक्क होता. त्यांनी चपला काढून बाहेर ठेवल्या. बाकीच्यांनीही काढल्या. बाहेर रस्त्यावर समोरच्या गाळ्यातली माणसं थांबून बघू लागली होती. त्यांतला एक अण्णांचा विद्यार्थी होता.

“सर, पुरे,” बाहुबली म्हणाला. “कळलं.”

“अर्ध्यात सोडत नाहीत,” अण्णा म्हणाले आणि पुढची रिंग घेतली.

मी शटरकडे गेलो. आकड्याची काठी अडकवली आणि शटर खाली ओढायला लागलो.

“उघडं राहू दे,” अण्णा म्हणाले. त्यांनी मान वळवली नव्हती.

ते सगळा ट्रे पुरा करून थांबले. बाहुबली सुलभाताईंपाशी जाऊन हळूच काहीतरी म्हणाला. त्या म्हणाल्या, शनिवारी मोठ्यानं बोलला होतात. मग तो सगळ्यांकडे वळून मोठ्याने म्हणाला की ताई खरं बोलत होत्या, खोटारडी म्हणालो ते माझं चुकलं. बायकांतली एक नाक पुसायला लागली.

ट्रे संपल्यावर अण्णांच्या पुढ्यात आणखी काही उरलं नव्हतं. टेबलाच्या पलीकडे सुलभाताई होत्या. बोटाला कुंकू तसंच होतं. सवयीनं म्हणा किंवा दुसरं काही सुचलं नाही म्हणून, ते त्यांच्याकडे बघून म्हणाले, “सुलभाताई, चुकलंमाकलं पोटात—”

“ते हत्याराला सांगतात, सर,” सुलभाताई म्हणाल्या. “माणसाला नीट सांगायचं असतं.”

अण्णांनी मान खाली घातली. इतकी भाषणं केलेल्या माणसाला वाक्य जुळवायला एवढा वेळ लागलेला मी पाहिला नव्हता. मला वाटलं ते कुंकवाचं बोलतील. दोन दिवस मीही कुंकवाचीच लाज वाटून घेत होतो.

“शनिवारी तुम्हाला बोलत होते तेव्हा मी समोर होतो,” अण्णा म्हणाले. “मला ठाऊक होतं. मी चष्मा पुसत बसलो.”

सुलभाताईंनी त्यांच्याकडे बघितलं.

“हां,” त्या म्हणाल्या. “असं सांगायचं.”

त्यांनी थिनरची बाटली आणि फडकं अण्णांच्या बाजूला सरकवलं, स्वतः रंगाचा डबा उघडला आणि खाली बसल्या. अण्णा एकेक ठिपका पुसून रिंग पलीकडे द्यायला लागले. मी अजून शटरची काठी धरून उभा होतो.